पोट दुखतंय, हे कोणत्या भाषेत सांगायचं?

मेळघाटातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयातली सकाळ. बाजाराचा दिवस असल्याने बाह्यरुग्ण विभागाची रांग व्हरांडा ओलांडून लिंबाच्या झाडापर्यंत गेलेली. एक कोरकू आई दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन डॉक्टरांसमोर येते. डॉक्टर तरुण, मराठवाड्याकडचे, बंधपत्राच्या सेवेसाठी आलेले. "जुलाब होताहेत का?" आई मान हलवते. "उलटी?" मान हलते. "ताप?" पुन्हा तीच मान. "पाणी नीट पितो ना?" यालाही होकार. केसपेपरवर लिहिले जाते: जुलाब, उलटी, ताप, ओआरएस, झिंकच्या गोळ्या, तापाचे औषध, तीन दिवसांनी दाखवणे. सगळे मिळून दीड मिनिट. रांग पुढे सरकते.

औषधाच्या खिडकीपाशी गावची आशा कार्यकर्ती त्या आईला ओळखते आणि कोरकूत दोन वाक्ये बोलते. मग जे बाहेर येते ते केसपेपरवर कुठेच नसते. मुलाला काल सकाळपासून लघवी झालेली नाही. रात्रीपासून तो अंगावर पीत नाही. पोट फुगले म्हणून घरी पोटावर चटके देऊन झाले आहेत. आशा मुलाला पुन्हा आत नेते, सलाइन लागते, आणि दोन तासांनी मूल डोळे उघडून रडू लागते. बालरोग विभागात रडणे ही चांगली खूण असते.

अशा प्रसंगात खलनायक कोणीच नसतो. डॉक्टरांनी योग्य प्रश्न विचारलेले असतात. आईने खोटे सांगितलेले नसते; साहेबाला 'नाही' म्हणू नये, एवढेच तिला ठाऊक असते. आदिवासी भागात काही वर्षे काढलेल्या कुठल्याही डॉक्टरला ही हलणारी मान ओळखीची असते. निदानाचा मोठा भाग रुग्णाच्या तोंडच्या हकिकतीतून होतो, तपासणी आणि चाचण्या नंतर, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्यापासून शिकवले जाते. हकिकत ज्या भाषेत सांगायची ती भाषाच दवाखान्यात नसेल, तर निदानाचा तो मोठा भाग दाराबाहेरच राहतो.

एक कोटी माणसे, अनेक भाषा

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे एक कोटी पाच लाख आहे, म्हणजे राज्यातील दर अकरा माणसांमागे जवळपास एक. या माणसांच्या भाषांबद्दल शहरी वाचकांच्या मनात बहुतेक वेळा एकच समजूत असते: त्या मराठीच्याच बोली असणार. वारली किंवा कातकरी यांच्याबाबत हे काही अंशी चालून जाते. भिली आणि पावरी यांचे नाते मराठीबरोबरच गुजराती-राजस्थानीशीही आहे. पण गोंडी, माडिया आणि कोलामी या द्राविडी कुळातल्या भाषा आहेत, तेलुगू-कन्नडच्या नात्यातल्या. कोरकू तर मुंडा कुळातली, म्हणजे झारखंड-ओडिशातल्या संथाली-मुंडारीची चुलतबहीण. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू बाईला मराठी जितकी परकी, तितकीच मराठी माणसाला कोरकू परकी. गोंडीत पाण्याला 'येर' म्हणतात. गोंड आजीला 'भरपूर पाणी पाजा' एवढे सांगायचे असेल, तरी अडखळायला पहिला शब्द पुरेसा आहे.

या भाषा बोलणारे थोडेथोडके नाहीत. देशभरात गोंडी बोलणारे २०११मध्ये सुमारे तीस लाख होते, कोरकू बोलणारे सात लाखांहून अधिक. तरीही घटनेच्या आठव्या अनुसूचीत आदिवासी भाषांपैकी संथाली आणि बोडो या दोनच आहेत. त्याही ९२व्या घटनादुरुस्तीने २००३मध्ये आल्या. गोंडी अजून बाहेरच आहे.

आदिवासींच्या आरोग्याचा देशपातळीवर सलग विचार करणारी एक तज्ज्ञ समिती केंद्र सरकारने २०१३मध्ये डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमली. तिचा अहवाल २०१८मध्ये आला. देशाच्या लोकसंख्येत आदिवासी साडेआठ टक्क्यांच्या आसपास, पण हिवतापाच्या रुग्णांत त्यांचा वाटा सुमारे तीस टक्के आणि हिवतापाच्या मृत्यूंत जवळपास निम्मा, असे त्यात नोंदवले आहे. समितीने आदिवासी आरोग्याचे दहा ठळक प्रश्न निवडले. हिवताप, कुपोषण, बालमृत्यू, सिकलसेल, व्यसन हे त्यात असणार हे कोणीही सांगेल. पण त्याच यादीत आरोग्यविषयक साक्षरता आणि आश्रमशाळांतील मुलांचे आरोग्य हेही दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. ते नीट पाहिले की मुळाशी भाषा आणि विश्वास यांच्या गाठी लागतात.

'दिवसातून तीनदा, जेवणानंतर'

औषधाच्या पाकिटावरची ही साधी सूचना. जिथे जेवण दोनदाच होते, तिथे तिसरी गोळी कधी घ्यायची? कामाला पहाटे निघालेली बाई दुपारी गोळी कुठून घेणार? ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवा, असे सांगितले जाते. घरात लिटरचे माप नसते आणि 'लिटर' हा शब्दही ओळखीचा नसतो. मग अख्खी पुडी एका पेल्यात जाते. द्रावण खारट होते, मूल ते थुंकते, आणि जास्त मिठाचे पाणी पोटात गेले तर ते अपायही करते. झिंकची गोळी चौदा दिवस द्यायची असते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळ्याही थांबतात. बरे वाटल्यावर औषध का घ्यायचे, हे तिला कोणी तिच्या शब्दांत समजावलेलेच नसते.

'रक्त कमी आहे' हे वाक्य घ्या. गर्भवतीला ते दर भेटीत ऐकवले जाते. तिला त्यातून जर असे वाटले, की डॉक्टर आधी रक्त कमी आहे म्हणतात आणि मग तपासणीसाठी त्यातलेच पुन्हा काढून घेतात, तर तिला अडाणी म्हणता येणार नाही. तिने ऐकलेल्या शब्दांचा तिने काढलेला अर्थ सरळ आहे. चूक सांगण्याच्या पद्धतीत आहे.

यावर वैद्यकात एक जुना, बिनखर्चाचा उपाय आहे. 'समजलं का?' असे विचारायचे नाही, कारण त्याचे उत्तर सगळीकडे 'हो' हेच असते. त्याऐवजी म्हणायचे, 'आता घरी गेल्यावर सासूला काय सांगशील, ते मला सांगून दाखव.' पुडी कशात विरघळवायची, किती वेळा पाजायची, कोणती खूण दिसली की परत यायचे, हे तिने आपल्या भाषेत सांगायचे आणि शेजारी उभ्या आशाने ते डॉक्टरांना सांगायचे. यात दोन मिनिटे जादा जातात. पण तेच मूल चार दिवसांनी बेशुद्धावस्थेत परत आले, तर जाणारा वेळ कितीतरी मोठा असतो.

सहा वर्षांचा मुका मुलगा

दवाखान्यात माणूस कधीमधी येतो. शाळेत मात्र रोज जावे लागते, आणि आश्रमशाळेत तर तिथेच राहावे लागते. दुर्गम पाड्यांतल्या मुलांपर्यंत शिक्षण पोहोचवायचे तर निवासी शाळा हवी, या विचारातून ही व्यवस्था उभी राहिली. १९२२मध्ये ठक्करबाप्पांनी दाहोदला भील सेवा मंडळ स्थापन केले, तेव्हापासून या विचाराला शंभर वर्षे झाली. आश्रमशाळांमुळे पहिल्या पिढीची असंख्य मुले शिकली. त्यांतले शिक्षक, परिचारिका, तलाठी, डॉक्टर आज त्याच भागात काम करताना दिसतात. हे ऋण मोठे आहे.

पण पहिलीत दाखल होणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाच्या जागी उभे राहून पाहा. एकाच दिवशी त्याचे घर सुटते आणि भाषाही सुटते. शिक्षक जे बोलतात ते कळत नाही, आपण जे बोलतो त्यावर इतर हसतात. अशी मुले काही महिने गप्प राहतात. वर्गात गप्प मूल म्हणजे 'ढ', असा शेरा पडायला वेळ लागत नाही. रात्री अंथरूण ओले होते, सकाळी पोट दुखते, भूक मरते, मधल्या सुट्टीत मूल गावाच्या वाटेला लागते. तपासणीत पोटदुखीचे कारण सापडत नाही. मुलांतल्या अशा वारंवार होणाऱ्या पोटदुखीमागे पुष्कळदा धास्ती आणि घराची ओढ असते, हे बालरोगतज्ज्ञ जाणतात. जंताची गोळी दिली जाते. ती द्यायलाही हवी. पण या दुखण्यावर ती लागू पडत नाही.

आणि मग एक रात्र अशी येते, की पोटदुखी खरी असते.

पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला मण्यार चावते ती बहुधा झोपेत. नाग किंवा घोणस चावल्यावर येते तशी सूज इथे नसते, दुखणेही फारसे नसते; कधी दातांच्या खुणाही दिसत नाहीत. थोड्या वेळाने पोटात कळा येतात, घसा दुखतो, गिळता येत नाही, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात. हे विष मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा संदेश तोडते. पापण्यांनंतर पाळी श्वासाच्या स्नायूंची असते. वेळेत सर्पदंशाची लस मिळाली आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास देता आला, तर रुग्ण चांगला बरा होऊ शकतो. सगळा खेळ तासांचा असतो.

पहाटे तीन वाजता वसतिगृहातले मूल उठून अधीक्षकांना पोट दुखतंय म्हणून सांगू पाहते. त्याला मराठी शब्द आठवत नाही, किंवा आठवतो तो एवढाच: 'पोट'. डोळे उघडत नाहीत, हे त्याला सांगता येत नाही. अधीक्षकांना ते झोपेने पेंगुळलेले वाटते. रोज पोटदुखीची तक्रार करणारी दहा मुले त्यांनी पाहिलेली असतात. सकाळी बघू, असे म्हणून ते त्याला पुन्हा झोपवतात. अशा वेळी त्या मुलाची भाषा येणारे एक माणूस वसतिगृहात असणे, हे औषधाच्या कपाटाइतकेच महत्त्वाचे ठरते. स्वयंपाकीण असो, पहारेकरी असो, वरच्या वर्गातला मुलगा असो. त्याला उठवून 'हा काय म्हणतोय ते विचार' एवढे सांगितले तरी चालते. त्याबरोबर एक नियमही हवा: पावसाळ्यातल्या रात्री पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसल्या, की सकाळची वाट पाहायची नाही, गाडी काढायची.

शाळा मुलाकडे गेली होती

मुलाची भाषा आणि त्याचे जग शाळेत आणण्याची कल्पना परदेशातून आणावी लागत नाही. ती महाराष्ट्रातच जन्मली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत नेले. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी बिया, पाने, शिंपले, दगड हाती घेतले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्याच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. मुले गुरे घेऊन कुरणात जातात, तर शाळाही कुरणात जाईल, म्हणून कुरणशाळा. न्हाऊ-माखू घालणे, नखे काढणे, खरूज-नायट्यावर औषध लावणे, मग गाणी-गोष्टी, असा त्या शाळेचा दिवस असे. आरोग्य आणि शिक्षण ही दोन वेगळी खाती आहेत, हे तिथे कोणाला ठाऊकच नव्हते. १९७५मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना आली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. शब्द सगळीकडे पोहोचला. मुलाच्या अंगणात, त्याच्या बोलीत शिकवण्याचा त्यामागचा विचार मात्र सगळीकडे पोहोचला नाही.

नंतरही प्रयत्न झाले. नर्मदेच्या खोऱ्यात नंदुरबारच्या डोंगरांत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून जीवनशाळा चालू झाल्या. तिथे पावरी-भिलोरीतून मुलांची सुरुवात होते. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावला ग्रामसभांनी २०१९मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली आणि तिला नाव दिले गोटुल. तरुण मुला-मुलींना गावाचे रीतिरिवाज, गाणी, कामे शिकवणारी गोंडांची जुनी संस्था म्हणजे गोटुल. या शाळेला शासनमान्यतेसाठी झगडावे लागले. ओडिशाने सरकारी पातळीवर २००६-०७पासून दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि पुढे त्या भाषांची संख्या एकवीसवर नेली.

कायद्याची आडकाठी नाही, उलट पाठबळ आहे. राज्यघटनेचे कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगते. २००९चा शिक्षणहक्क कायदा शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावे म्हणतो. २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे, असे सांगते. उणीव आहे ती त्या भाषा बोलणाऱ्या शिक्षकांची आणि त्या भाषांतल्या पुस्तकांची.

इथे पालकांचे म्हणणेही ऐकायला हवे. 'आमची भाषा आम्ही घरी शिकवू, शाळेत मराठी-इंग्रजी शिकवा, म्हणजे पोरगा नोकरीला लागेल,' असे अनेक आदिवासी आई-वडील सांगतात. त्यांचे खरे आहे. पण घरची भाषा आणि मराठी यांत एकीलाच निवडायचे, असा हा प्रश्न नाही. ओळखीच्या भाषेत वाचायला शिकलेले मूल दुसऱ्या भाषेत लवकर वाचू लागते. नदी ओलांडायची आहेच. प्रश्न पूल बांधायचा की मुलाला थेट पाण्यात लोटायचे, एवढाच आहे.

कॅनडाचा धडा

मुलाची भाषा तोडली तर आरोग्याचे काय होते, याचा सर्वांत कडू अनुभव कॅनडाचा आहे. तिथे एकोणिसाव्या शतकापासून सरकारच्या पैशाने आणि चर्चच्या व्यवस्थापनाखाली मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालवल्या गेल्या. मुलांना आई-वडिलांपासून तोडणे आणि त्यांची भाषा पुसणे हा तिथे घोषित हेतू होता. स्वतःची भाषा बोलल्याबद्दल मारही मिळे. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. शेवटची शाळा १९९०च्या दशकात बंद झाली आणि २००८मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. आपल्या आश्रमशाळांचा हेतू असा कधीच नव्हता, त्यामुळे दोन्ही एका तागडीत तोलणे अन्यायाचे होईल. पण वैद्यकाला त्या इतिहासातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

त्यात एक डॉक्टरही आहेत. पीटर ब्राइस हे तिथल्या मूळनिवासी खात्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी. १९०७मध्ये त्यांनी पंधरा शाळांची पाहणी केली. कोंदट खोल्या, आजारी आणि निरोगी मुले एकत्र, आणि क्षयरोग. ज्या मुलांची माहिती मिळाली त्यांतला जवळपास चौथा हिस्सा मरण पावला होता. ब्राइस यांनी हवा, उजेड आणि वैद्यकीय देखरेख यांसाठी साध्या सूचना केल्या. त्या बासनात गेल्या. अखेर १९२२मध्ये, सरकारी नोकरीतून बाहेर पडल्यावर, त्यांनी हे सारे पुस्तिकेच्या रूपात स्वतः छापले. सरकारी डॉक्टरने अहवाल लिहिला म्हणजे त्याचे काम संपत नाही, हे ब्राइस यांच्या उदाहरणातून दिसते.

शंभरेक वर्षांनी त्याच देशातून उलट बाजूचा पुरावा आला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मूळनिवासींच्या सुमारे दोनशे वसाहती आहेत. तरुणांच्या आत्महत्यांचे प्रमाण तिथे एकूण फार मोठे. मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड या मानसशास्त्रज्ञांनी वसाहतवार आकडे पाहिले तेव्हा चित्र पालटले. काही वसाहतींत हे प्रमाण भयंकर होते, तर अनेक वसाहतींत एकही आत्महत्या नव्हती. १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार जिथे जमिनीच्या हक्कासाठी प्रयत्न, स्वशासन, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन आणि सांस्कृतिक केंद्र या गोष्टी लोकांच्या स्वतःच्या हातात होत्या, तिथे आत्महत्या कमी होत्या. सहाही असलेल्या वसाहतींत अभ्यासाच्या काळात तरुणांची एकही आत्महत्या झाली नव्हती. २००७मध्ये डार्सी हॅलेट यांच्यासह त्यांनी भाषा तपासली. ज्या थोड्या वसाहतींत निम्म्याहून अधिक लोकांना आपल्या भाषेत संभाषण करता येत होते, तिथे तरुणांच्या आत्महत्या जवळपास शून्यावर होत्या. २०१४मध्ये अल्बर्टा प्रांतातल्या अभ्यासात मधुमेहाबाबतही अशीच दिशा दिसली: मूळ भाषा टिकलेल्या समूहांत मधुमेहाचे प्रमाण कमी.

असे अभ्यास वाचताना डॉक्टरांनी सावध राहावे. भाषा बोलली म्हणून साखर उतरते, असा याचा अर्थ नाही. दोन गोष्टी सोबत आढळल्या, म्हणजे एक दुसरीचे कारण आहे असे सिद्ध होत नाही. पण अर्थ लावणे अवघड नाही. जिथे भाषा टिकते तिथे आजी-आजोबांचे नातवंडांशी बोलणे टिकते. सल्ला विचारायला माणूस असतो. आपण कोण, कुठले, पुढे काय, या प्रश्नांना उत्तर असते. आणि जिथे गावाचे निर्णय गाव घेते, तिथे माणसाला आपण कशाला तरी कामाचे आहोत असे वाटते. कोवळ्या वयात एवढा आधार फार मोठा असतो.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची कहाणी महाराष्ट्राला ठाऊक आहे. 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आमचे राज्य, असे गोंडीत म्हणत या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत घातली, दारूच्या प्रश्नाला हात घातला आणि २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. तिकडे संशोधकांनी मोजलेल्या गोष्टी इकडे एका छोट्या गावाने आपल्या बळावर उभ्या केल्या.

चटके, भूमका आणि सिकलसेल

संस्कृतीबद्दल बोलताना भाबडेपणाही नको. सुरुवातीच्या प्रसंगातले मूल चटके देऊन झाल्यावर रुग्णालयात आले होते. मेळघाटात त्याला 'डंबा' म्हणतात. त्याने पोटफुगी उतरत नाही. जखम होते, तिच्यात जंतू शिरतात आणि मौल्यवान तास निघून जातात. हे थांबायलाच हवे. प्रश्न आहे तो कसे थांबवायचे, हा.

नुसते दटावले तर चटके थांबत नाहीत; ते लपवले जातात, आणि मूल आणखी उशिरा येते. त्यापेक्षा मेळघाटात आरोग्य खात्याने केलेला प्रयोग शहाणपणाचा होता: भूमकांना प्रशिक्षण द्यायचे, धोक्याच्या खुणा शिकवायच्या आणि रुग्ण दवाखान्यात आणल्याबद्दल मानधन द्यायचे. भूमका रात्री अकरालाही हाकेला येतो आणि आईचे सगळे बोलणे तिच्या भाषेत ऐकून घेतो. दवाखान्याने त्याच्याकडून निदान ही दुसरी गोष्ट तरी शिकावी.

सिकलसेलचा प्रश्न याहून नाजूक. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. वाहक व्यक्ती स्वतः सहसा ठणठणीत असते, त्यामुळे समजावणे अवघड. २०२३पासून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम हाती घेतली आहे. कोट्यवधी लोकांच्या तपासण्या व्हायच्या आहेत. तपासणीचा कागद हातात देऊन 'तुम्ही वाहक आहात' एवढेच सांगितले, तर घरी गेल्यावर त्याचा अर्थ 'मुलीच्या रक्तात दोष आहे' असा होतो आणि तिचे लग्न अडते. गोंड समाजात सोयरीक जुळवताना चार देव, पाच देव, सहा देव, सात देव असे कुळांचे गट पाहिले जातात; कोणाशी लग्न चालते, कोणाशी नाही, हे म्हाताऱ्यांना तोंडपाठ असते. सोयरिकीचे असे काटेकोर भान असलेल्या समाजाला 'देव पाहता तसे दोघांचे रक्तही पाहा. दोन वाहकांची गाठ नको, एकटा वाहक असेल तर चिंता नाही' हे समजणे मुळीच अवघड नाही. फक्त ते गोंडीत, गावाच्या बैठकीत, त्यांच्याच ज्येष्ठाने सांगायला हवे.

हे जमते, याचेही दाखले आहेत. १९७३मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना माडिया येत नव्हती. दवाखाना चालू लागला तो ती भाषा शिकत शिकत. गडचिरोलीजवळ शोधग्रामला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी रुग्णालय उभारताना आधी लोकांना विचारले, तुम्हाला कसा दवाखाना हवा? मोठ्या इमारतींची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता यायला हवे, असे उत्तर आले. म्हणून ते रुग्णालय गावातल्या घरांसारखे बांधले गेले आणि त्याला लोकांच्या देवीचे, दंतेश्वरीचे नाव मिळाले. त्याच संस्थेने थोड्याफार शिकलेल्या खेड्यातल्या बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जाते, त्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे मूळ या कामात आहे. त्या बायकांकडे थर्मामीटर होता, वजनकाटा होता, औषध होते. आणि बाळाच्या आईशी तिच्यासारखे बोलण्याची जीभ होती.

खर्च फार नाही

आदिवासी भागात नेमणूक होणाऱ्या प्रत्येक डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षकाला रुजू होताच स्थानिक भाषेचे पंधरा दिवसांचे प्रशिक्षण देता येईल. ताप, श्वास, लघवी, पाणी, दूध, कधीपासून, किती वेळा: शंभर शब्द आणि तीस वाक्ये आली तरी हलणाऱ्या मानेमागचे ऐकू येऊ लागते. ग्रामीण रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत स्थानिक भाषेचा एक मदतनीस पगारी असावा. आज ते काम आशा, सफाई कामगार किंवा रांगेतला एखादा रुग्ण फुकट करतो. आश्रमशाळेच्या प्रत्येक वसतिगृहात रात्रपाळीला मुलांची भाषा जाणणारे एक माणूस असावे, झोपायला खाट आणि मच्छरदाणी असावी, आणि पहिली-दुसरीच्या वर्गाला मुलांच्या भाषेतला शिक्षक मिळावा. आई-वडिलांना पाल्याशी फोनवर बोलू द्यावे, त्यांच्या भाषेत. औषधाच्या पाकिटावर अक्षरांऐवजी उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य आणि चंद्र छापायला कितीसा खर्च येतो?

सकाळी आलेले ते मूल संध्याकाळी वॉर्डात आईच्या अंगावर पीत असते. रात्रपाळीची परिचारिका फेरीला येते. ती याच तालुक्यातली, आश्रमशाळेत शिकून परिचारिका झालेली कोरकू मुलगी. ती खाटेच्या कडेला टेकते आणि आईला तिच्या भाषेत काहीतरी विचारते. या वेळी आई मान हलवत नाही. ती बोलू लागते, आणि बराच वेळ बोलत राहते.